मशीन बिघडली नव्हती

गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, बैलांच्या शिंगांवरची बेगड अजून उतरली नव्हती तेव्हा, उंद्रीच्या आमच्या साऊंडवाल्या काकांवर अन्याय झाला. आसपासच्या गावांतल्या गणेश मंडळांनी त्यांना दिलेलं दहा दिवसांचं काम एका सकाळीत काढून घेतलं. गणपती तोंडावर आले होते. एकाही मंडळानं कारण दिलं नाही. कारण मी देते. पण त्यासाठी आधी तो माणूस सांगावा लागेल.

तुम्ही त्यांना पाहिलेलं आहे. चिखली-खामगाव रस्त्यावरच्या गावांत ज्यानं एक तरी सभा, सप्ताह किंवा लग्न ऐकलं असेल, त्यानं स्टेजच्या मागे डाव्या अंगाला प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला हा उंच, हडकुळा माणूस पाहिलाच असणार. समोर टेबलावर ॲम्प्लिफायर, ज्याला आपल्याकडे सगळे नुसतं 'मशीन' म्हणतात. डोळे मिटलेले. उजव्या हाताची दोन बोटं मोठ्या बटणावर. बोलणारा कोण आहे हे ते कधी बघायचे नाहीत. ऐकायचे फक्त. मला वाटायचं, काका झोपलेत.

आणि तोंडात एकच वाक्य. "मले भेव लागते."

कडुनिंबाच्या शेंड्यावर चढून भोंगा बांधणारा माणूस भीती वाटते असं म्हणायचा. कोणी म्हणालं, काका, आपला आवाज असा ठेवा की शेजारच्या मंडळाची आरतीच ऐकू आली नाही पाहिजे. "नाई बा. मले भेव लागते." कोणी म्हणालं, नवरदेवाचा मामा आला नाही, पण आला असं माईकवर सांगून द्या, पाहुण्यांत बरं दिसते. "तुमीच सांगा. मले भेव लागते." पोरं हसायची. "कोणाचं भेव लागते हो काका?" देवाचं नाव घेताना माणसं बोट वर करतात. काका करायचे नाहीत. खाली वायरींच्या गुंत्याकडे बघत म्हणायचे, "देवाचं." जणू देव तिथंच पायाशी बसून वायरी सोडवतोय.

काका ख्रिस्ती. त्यांच्या लोकांची घरं इथं मोजकीच, म्हणून रविवारची उपासना त्यांच्याच पुढच्या खोलीत व्हायची. पाळकसाहेब चिखलीहून मोटरसायकलवर यायचे. पण काकांचे भोंगे सगळ्यांकडे. सप्ताहाला तेच, बुद्धजयंतीला तेच, रोहिणखेडपर्यंतच्या मुसलमान घरच्या लग्नांना तेच. आणि आमच्या सभांनाही तेच.

आमच्या म्हणजे क्रशरविरोधी समितीच्या. एका गावाशेजारी खडीचा क्रशर आहे. गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या बायकांना आधीच पुरेसा त्रास झालाय. सुरुंगांनी घरांच्या भिंतींना तडे गेले, कपाशीवर पांढरी धूळ बसते, पाच बायकांनी पुढे होऊन तक्रार दिली. मी समितीची पत्रकं लिहिते. पहिलं पत्रक माझंच. त्याचं नाव 'भीती सोडा'.

आता सरळच सांगते. मला या माणसाचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही.

त्या बायकांच्या घरी मी कितीतरी वेळा गेले. मला ओट्यावर चहा. काका तिथल्या आमच्या पहिल्या सभेचा भोंगा बांधायला म्हणून गेले, आणि मी पोचले तर हा माणूस एका घरात चुलीपाशी पाटावर बसलेला. बाई भाकरी थापत होती आणि मी खोदून खोदून ज्या गोष्टी मला मिळाल्या नव्हत्या त्या आपणहून सांगत होती. काकांनी काही विचारलंही नव्हतं. बाहेर आल्यावर मी गाठलं.

"काय म्हणत होत्या?"

"त्यायचं त्यायच्यापाशी."

"अहो, समितीला उपयोग होईल."

"मले भेव लागते."

वाटलं, मशीन उचलून यांच्या डोक्यात घालावी.

त्याच संध्याकाळी आमची सभा झाली. आमचे अध्यक्ष, ज्यांना आम्ही भाऊ म्हणतो, रंगात आले. माणूस बोलतो छान. म्हणाले, "या क्रशरनं नुसत्या भिंती नाही फोडल्या. या गावच्या एका म्हाताऱ्या माउलीचा जीव घेतला. स्फोटाच्या धक्क्यानं ती माउली—"

आणि आवाज गेला. भाऊंचे ओठ हलतायत, हात हलतोय, ऐकू काही येत नाही. पुढे बसलेला एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "बुढी तं तापानं गेली ना बा," आणि शांततेत ते सगळ्यांना ऐकू गेलं. लोक हसले. भाऊंनी घसा खाकरला, भिंतींच्या तड्यांवर आले, आणि आवाज परत आला.

सभा संपल्यावर मी काकांवर धावूनच गेले.

"भाऊंचा माईक तुम्ही बंद केला?"

"हाव."

"काऊन?" चिडले की माझीही वऱ्हाडी बाहेर पडते.

"बुढी तापानं गेली. मी होतो मातीले. भिंतीले तडे गेले थे सांगा. तेवढं खरं पुरत नाई का तुमाले?"

"तुमचं काम आवाज द्यायचं आहे. निवडायचं नाही."

ते वायर पंजापासून कोपरापर्यंत गुंडाळत होते. हात थांबला नाही. "आवाज माह्या मशीनमधून जाते, पोरी. मंग थे म्या बी म्हनलं ना."

मला पटलं नाही. आजही अर्धंच पटतं. जो तो असा बटणावर बोट ठेवून बसला तर या देशात सभा व्हायच्या नाहीत. पण घरी परतताना टोचत राहिलं ते वेगळंच. म्हातारी तापानं गेली हे मलाही माहीत होतं. मी पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवायच्या तयारीत होते. कारण पुढच्या सभेत मला बोलू द्यायचं की नाही हे भाऊ ठरवतात. मी कुणाकुणाला भिते ते बघा. भाऊंना भिते. समितीच्या ग्रुपमधून कोणी काढेल म्हणून भिते. माझा व्हिडिओ कोणी बघितला नाही तर, म्हणून भिते. जिच्याकडे राहते ती मावशी काय म्हणेल, म्हणून भिते. आणि लिहिते 'भीती सोडा'.

एका रविवारी मी भांडायलाच उंद्रीला गेले. उपासना नुकतीच संपली होती, सतरंजी झटकणं चालू होतं. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पोहे पुढे केले. म्हणाल्या, "बस माय. आज बोलतीन थोडं. बाकी सहा दिवस तं लोकायचंच ऐकतेत."

काकांनी माझं पत्रक वाचलं होतं. चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, "भीती सोडा म्हंतं तू. कोनाची?"

"सगळ्यांची. शेठची, पोलिसांची, देवाची. देवाची भीती घालूनच माणसाला वाकवतात, काका."

"हाव. वाकवतेत."

इतक्या पटकन मान्य केल्यामुळे माझा सगळा दारूगोळा वाया गेला. "मग तुम्ही कशाला भिता? नरकाला?"

"नाई वो." ते पोह्यांतले शेंगदाणे बाजूला करू लागले. दात गेले होते, शेंगदाणे चावत नसत. "आता पाय, करंट हाय. त्याले भेलो नाई तं मरतो. लय भेलो तं वायरच हाती धरत नाई, धंदा बंद. बराबर भेलो तं काम होते." मग स्वतःच मान हलवली. "पन थे बी बराबर नाई. करंट काई मले ओयखत नाई. तो ओयखते."

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या तोंडून इतकं सलग मी एकदाच ऐकलं. तरुणपणी ते निवडणुकीत जीपवर भोंगा लावून फिरायचे. एका गावात एक शाळामास्तर उभे होते. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी समोरच्या पार्टीनं यांना सांगितलं, गल्लोगल्ली जाऊन ओरड, मास्तरांनी माघार घेतली. हे ओरडले. आवाज चांगला होता. मास्तर पडले.

"मंग?"

"मंग काय, वाट पाहू लागलो. आज मारतीन, उद्या मारतीन. वर्षभरानं मास्तर घरी आले. म्हने, पोरीचं लग्न हाय, तुह्या भोंगा पाहिजे. म्या गेलो. दोन दिस त्यायच्या मांडवात काम केलं. मास्तर मले जवळ बसवून जेवले. त्या गोष्टीचा एक शब्द काढला नाई."

"त्यांना माहीत नसेल."

"लग्नाचं बोलवनं द्याले आले तवाच म्हनले, तुह्या आवाज ओयखीचा हाय मले." काकांनी ताटली खाली ठेवली. "मारलं असतं तं हिशोब मिटला असता. मास्तरनं माफ केलं, तवापासून मले त्यायचं भेव लागे. रस्त्यानं दिसले का म्या नीट चालो. आता ह्याले वाईट वाटन असं काई हातून होऊ नये, एवढंच. देवानं बी माह्यासंग तसंच केलं ना. माफच केलं. मंग भेव लागन नाई तं काय? पोलिसाले भेते तो मानूस दूर पयते. हे भेव उलटं हाय. जवळ बसावं वाटते, आन जवळ बसलं का लय सांभाळून बसा लागते."

मी उरलेले पोहे संपवून निघाले. एसटीत खिडकीशी बसून चिखलीला परतताना मला कळलं की आता माझा हेवा काकांवरून पुढे सरकलाय. मला त्यांच्या देवाचाच हेवा वाटू लागला. आपल्याला वाईट वाटेल एवढ्याचसाठी कोणी माणूस चारचौघांत खोटं बोलायचं टाळतो, हे भाग्य कुणाच्या वाट्याला येतं? मला वाईट वाटेल म्हणून आजवर कोणी काही टाळलेलं मला आठवत नाही.

मग पोळा आला.

क्रशरचा मालक, त्याला गावात सगळे शेठ म्हणतात, दरवर्षी तिथल्या मैदानात बैल सजावटीची स्पर्धा भरवतो, आसपासची सगळी गावं येतात. साऊंड काकांचं. मी आधीच विचारलं होतं, शत्रूच्या स्टेजवर का जाता? "बैलं त्याचे नाईत, गावाचे हाय," म्हणाले.

मी मैदानाच्या मागच्या बाजूला उभी होते. बक्षिसं वाटून झाली. शेठनं माईक घेतला. आधी बैलांचं कौतुक, मग गावाचं. मग म्हणाला, "एवढं चांगलं गाव. पाच बाया सोडल्या तर. त्या तक्रारी काऊन करतात, कोणाच्या गाडीत बसून कुठं जातात, हे मी आज तुम्हाला—"

आवाज गेला.

सगळ्या मैदानात फक्त बैलांच्या घुंगरमाळा वाजत होत्या. शेठनं माईकवर टिचकी मारली, वळून मागे पाहिलं. काकांचे डोळे उघडे होते. बोलणाऱ्याकडे थेट बघताना मी त्यांना तेव्हाच पाहिलं. शेठचा एक माणूस मशीनपाशी धावला. काय बोलणं झालं ते मला नंतर काकूंकडून कळलं. तो म्हणाला, "चालू कर बे बुढ्या." काका म्हणाले, "बैलायचं बोला म्हना. लगेच करतो."

शेठ हुशार. माईक बाजूला ठेवला, मोठ्यानं हसला आणि नुसत्या तोंडानं म्हणाला, "मशीन बिघडली वाटते." सगळं मैदान हसलं. सुटका झाल्यासारखं हसलं. तुम्ही पण हसलात. त्या हसण्यातच ते खोटं जन्माला आलं, आणि आज ते चांगलं धष्टपुष्ट होऊन गावोगाव फिरतंय.

मंडळांच्या वर्गणीत सगळ्यांत मोठी पावती शेठचीच असते. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मंडळांचे फोन. काम नको. काम नको. मला कळलं तशी मी उंद्रीला गेले. दुपारी मंडळवाल्यांपैकी एक जण स्वतः घरी आला. वाईट माणूस नव्हता, हे मुद्दाम लिहिते. खरोखर कळवळून बोलत होता.

"काका, शेठ रागावले नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच, तुम्ही बाजारात चार लोकांपुढं म्हणून टाका की मशीन बिघडली होती. लगेच सगळं काम परत. कोणाचं काय जाते?"

काकू दारात उभ्या होत्या. "म्हना ना. एवढं तं म्हना. गनपतीच्या दहा दिवसांवर आपलं वर्ष निघते, माहीत नाई का तुमाले?"

मीही म्हटलं. समितीची माणसं शिकवतात की लढाई लांबवायची तर माणूस टिकला पाहिजे. मी म्हटलं, "म्हणून टाका काका. खरं काय ते आम्हाला माहीत आहे."

काका आमच्या तिघांकडे पाळीपाळीनं बघत राहिले.

"मशीन बिघडली म्हनलं, तं शेठ बोलला थे बराबरच होतं, फकस्त वायर ढिल्ली निघाली. असंच होते ना?" त्यांनी मला विचारलं. "त्या पाच घरी वाटलं असन, कोनीतरी थांबवलं. थे बी काढून घेऊ त्यायच्यापासून?"

मंडळवाला म्हणाला, "एक शब्द आहे काका."

"मले भेव लागते."

"शेठची नाही वाटत भीती?" मी विचारलं. मला उत्तर माहीत आहे असं वाटत होतं. नाही म्हणतील, आणि मी पुन्हा जळेन.

"पागल हाय का तू? म्या बटन फिरवलं तवा हात असा थरथरून राह्यला होता का दोन बोटायनं जमेना. डाव्या हातानं उजवा हात धरला, तवा फिरलं. शेठले कोन भेत नाई? पोटाले भेतो. ही रडते त्याले भेतो. रातभर झोप नाई."

"मग?"

"मंग काय. ज्याचं भेव मोठं, त्याचं आयका लागते."

हे ऐकलं आणि माझा शेवटचा आधार गेला. तोवर मी मनाशी म्हणत होते, हा माणूस भीतीविनाच जन्मलाय, देवानं त्याला तसा घडवलाय, आपली काय बरोबरी. हेवा वाटला तरी दोष नव्हता. आता कळलं की त्यांचे हात माझ्यासारखेच कापतात. शेठला ते माझ्याइतकेच भितात. तरी बटण फिरतं. आता माझ्या हेव्याला लपायला जागा उरली नाही.

काकूंनी पदरानं तोंड पुसलं आणि मंडळवाल्याला म्हणाल्या, "यायले सांगून फायदा नाई भाऊ. लगन झाल्यापासून मीच सांगून राह्यली. च्या घेऊन जाय." चहात साखर टाकायला त्या विसरल्या. मंडळवाल्यानं पूर्ण कप संपवला.

गणपती दुसऱ्या मशीनवर वाजले. नवरात्रही. दसऱ्यानंतर काका-काकूंनी घराला कुलूप लावलं आणि काकूंच्या भावाकडे, जळगाव जामोदला गेले. उपासना आता दुसऱ्या घरी भरते.

मी एकदा जाऊन आले. बसस्टँडच्या पुढे एका मांडववाल्याकडे ते रोजानं कापड बांधतात. त्याचा स्वतःचा मशीनवाला आहे, त्यामुळे काकांची मशीन मेहुण्याच्या घरी गोणपाटाखाली. मी गेले तेव्हा ते बांबूवर चढलेले होते, तोंडात सुतळी. खाली उतरून सुतळी काढली आणि पहिला प्रश्न त्यांचाच.

"त्या बाया कशा हायेत?"

"दोघींनी तक्रार मागे घेतली. तिघी उभ्या आहेत."

"दोघीयले बोल लावू नको," म्हणाले. "सगळ्यायले सलाम सांग." आणि पुन्हा वर चढले, कारण संध्याकाळी तिथं कुणाचं तरी लग्न होतं.

आता तुमच्याशी. उंद्रीच्या हॉटेलात, चिखलीच्या एसटीत, बाजारात मी तुम्हाला हळहळताना ऐकते. "मोठा चांगला माणूस. मशीन काय बिघडली, बिचाऱ्याचा धंदा बसला." तुमची ही दया शेठच्या हसण्याहून वाईट आहे. शेठला तेवढंच हवं आहे. घर, धंदा, गाव सोडून ज्या माणसानं एक वाक्य म्हणायचं नाकारलं, ते वाक्य तुम्ही त्याच्या नावानं फुकट म्हणत फिरता. तुम्ही त्या मैदानात होतात. आवाज जायच्या आधीचे शब्द तुमच्या कानांनी ऐकलेत. देवाला भ्या की भिऊ नका, ते तुमचं तुम्ही बघा. मी त्यातलं काही सांगायच्या लायकीची नाही.

माझी मागणी एकच आहे. यापुढे जो कोणी तुमच्यासमोर म्हणेल की मशीन बिघडली होती, त्याला तिथंच, चार लोकांत सांगा: बिघडली नव्हती, त्यांनी बंद केली. शेठ बायकांबद्दल काय बोलत होता म्हणून बंद केली, तेही सांगा. आवाज बारीक निघाला तरी चालेल. सांगा.